कुलूप अडलं म्हणून दार फोडू नका: लॉकचा सिलिंडर घरच्या घरी काढण्याची रीत

गेल्या डिसेंबरात आमच्या समोरचे काका सकाळी साडेसहाला कानटोपी, स्वेटर घालून फिरायला निघाले. घराला कुलूप लावायला गेले तर किल्ली निम्मी आत जाऊन थांबली. पुढे नाही, मागे नाही.

"कालच तर तेल घातलं होतं हो," मला म्हणाले.

"कुठलं?"

"घरातलंच. खोबरेल."

मी आत जाऊन आमची खोबरेलाची बाटली आणली आणि त्यांच्यासमोर उलटी धरली. थेंब पडला नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं आणि नाशिकची डिसेंबरातली पहाट दहा अंशांच्या आसपास असते, निफाडकडे तर त्याहूनही खाली जाते. बाटलीत जे झालं होतं तेच कुलपाच्या पोटात झालं होतं. एक्स्टेन्शन बोर्ड ओढून हेअर ड्रायर लावला, दोन-तीन मिनिटांत किल्ली सरकली. काका फिरून आले. दुपारी मात्र आम्ही तो सिलिंडर बाहेर काढलाच, कारण तेल आणि धूळ मिळून आत जो चिखल झाला होता तो बाहेरून निघण्यातला नव्हता.

मी काही चावीवाली नाही. इंदिरानगरच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. मिस्टर सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, त्यांची अवजारांची पेटी घरात आहे आणि कुणाचं दार अडलं की लोक माझ्याकडे येतात. आजवर आठ-दहा सिलिंडर काढले असतील. त्यातला पहिला मी चुकीचा काढला, तेही पुढे सांगते.

सिलिंडर म्हणजे नेमकं काय

गॅसचा नव्हे. दाराच्या आत लाकडात बसवलेली लोखंडी पेटी असते, ती लॉकची बॉडी. त्या पेटीतून आरपार जाणारा जो पितळी तुकडा, ज्याच्यात आपण किल्ली घालतो, तो सिलिंडर. समोरून बघितलं तर वर गोल डोकं आणि खाली सपाट पाय. लॉक बिघडलं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हा तुकडाच बिघडलेला असतो. पेटी, हँडल, दार सगळं ठणठणीत असतं. पूर्ण लॉक बदलायची गरज नसते, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा, कारण दुकानात गेलात की पूर्ण सेटच पुढे येतो.

किल्ली फिरते कशी तेही थोडं समजून घ्या. सिलिंडरच्या पायात ओळीने पाच किंवा सहा बारीक पिना असतात. प्रत्येक पीन दोन तुकड्यांची, खाली स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक पीन अशा उंचीवर आणतात की दोन तुकड्यांमधली फट नेमकी फिरत्या भागाच्या कडेशी येते. सगळ्या फटी एका ओळीत आल्या की मधला गोल भाग फिरतो. सहापैकी पाच बरोबर आल्या आणि एक चिकटून बसली, तरी फिरत नाही. लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसाने १८६१ आणि १८६५ साली याची पेटंट घेतली, आणि आपल्या दारातलं यंत्र मुळात अजून तेच आहे. पण आपल्याकडे सिलिंडर बसतो पाय खाली करून, म्हणजे पिना खाली. किल्लीच्या भोकातून आत गेलेली सगळी धूळ आपसूक पिनांवर जाऊन बसते. वर तेल ओतलं की झाला लगदा.

आधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवा

याला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मे लोक हेच करत नाहीत. दार सताड उघडा. उघड्या दारातच किल्ली घालून लॉक लावा, काढा. कडेतून कुलपाची जीभ आत-बाहेर होताना दिसेल.

उघड्या दारात लोण्यासारखं फिरतंय आणि बंद केल्यावरच जड जातंय? मग सिलिंडरला हात लावू नका. दार खाली बसलंय किंवा फुगलंय, आणि जीभ चौकटीतल्या पट्टीच्या भोकात नीट जात नाहीये. पावसाळ्यात ही तक्रार हमखास. गोदावरीला पाणी चढून पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की आमच्या सोसायटीतली निम्मी दारं सुजतात, आणि लोक कुलपाला शिव्या घालतात. किल्ली फिरवताना दार हँडलला धरून जरा वर उचला किंवा आत दाबा. त्याने फिरलं तर बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा, पट्टीचं भोक कानशीने जरासं मोठं करा. काम संपलं.

उघड्या दारातही किल्ली जात नाही, फिरत नाही, फिरते पण अडखळते, किंवा गोल-गोल फिरते आणि जीभ हलतच नाही, तर दोष आतला. मग पुढे वाचा.

अजून एक छोटी परीक्षा. डुप्लिकेट किल्ली बाजूला ठेवून कंपनीबरोबर आलेली मूळ किल्ली लावून बघा. फुटपाथवर डुप्लिकेटवरून डुप्लिकेट, त्यावरून तिसरी अशा किल्ल्या केल्या की प्रत्येक वेळी दाते थोडे झिजतात. मूळ किल्लीने लॉक चाललं तर सिलिंडर निर्दोष आहे.

दार बंद आहे आणि तुम्ही बाहेर आहात?

मग हा लेख तुमच्या कामाचा नाही. सिलिंडर धरून ठेवणारा स्क्रू दाराच्या कडेत असतो आणि दार बंद असताना ती कड चौकटीत लपलेली असते. मुद्दामच तशी रचना आहे, नाहीतर चोरांनीही स्क्रू काढलाच असता. चावीवाल्याला बोलवा. बोलावण्याआधी "आधी न फोडता प्रयत्न कराल ना?" हे आणि पैसे किती, हे फोनवरच ठरवा. आमच्या एका भाडेकरूच्या दारावर कुणीतरी आला, दोन मिनिटं किल्ली हलवल्यासारखी केली, ड्रिल लावलं आणि पूर्ण लॉकचे पैसे घेऊन गेला. आत नवीन बसवलेलं लॉक जुन्याहून हलकं निघालं. आत गॅसवर काही चढवलेलं असेल किंवा लहान मूल एकटं अडकलं असेल तर चावीवाल्याची वाट बघत बसू नका, अग्निशमनला १०१ किंवा सरळ ११२ लावा.

तुमचं लॉक कुठलं ते ओळखा

फ्लॅटच्या दाराला हँडलच्या खाली, त्याच लांब पट्टीत किल्लीचं भोक असेल आणि दाराच्या कडेत लांब धातूची पट्टी दिसत असेल तर ते मॉर्टिस लॉक. या लेखातला मुख्य भाग त्याचाच.

दाराच्या आतल्या बाजूला वरून ठोकलेली पेटी आणि बाहेरून फक्त एक गोल पितळी चकती, तर ते नाइट लॅच. कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपल्याकडे लोक त्याला "गोदरेजचं लॅच" म्हणतात. गोदरेज १८९७ पासून कुलपं करतायत, तेव्हा नाव रुळलं त्यात नवल नाही. त्याची रीत शेवटाकडे दिली आहे.

बेडरूम-बाथरूमला गोल मूठ असते तिचा सिलिंडर मुठीतच असतो. मुठीच्या मानेवर बारीक भोक किंवा खाच शोधा, त्यात जाड सुई किंवा सरळ केलेली यू-पिन दाबून धरा आणि मूठ ओढा, बहुतेक मॉडेलमध्ये ती हातात येते. एवढंच.

जुन्या नाशकात तिवंध्याकडच्या आमच्या सासरच्या वाड्याला यातलं काहीच नाही. कडी, कोयंडा आणि मुठीएवढं अलिगढी कुलूप. ते बिघडलं की काढून फेकायचं. कधीकधी वाटतं, तेच बरं होतं.

काय काय जवळ हवं

फुलीचा डिसमिस (स्क्रूड्रायव्हर), दोन नंबरचा, टोक न झिजलेला. हे सगळ्यात महत्त्वाचं, याच्यावर पैसे वाचवू नका. एक चपटा डिसमिस, एक बारीक चपटा, नाकपकड, गंज सोडवणाऱ्या तेलाचा स्प्रे (डब्ल्यूडी-४० किंवा तसलाच), मोजपट्टी, जुनं फडकं, टॉर्च. आणि नेलपॉलिश. ते कशाला, ते येतंय पुढे. हातोडी पेटीतच राहू द्या, हातात असली की वापरावीशी वाटते.

दार हलू नये म्हणून खाली लाकडी पाचर किंवा दुमडलेलं पायपुसणं सारा. घरात कुणीतरी असू द्या, कारण पुढचा अर्धा तास तुमचं दार कुलपाविना असणार आहे.

एक स्क्रू आणि एक दात

सगळं काम या दोन गोष्टींवर आहे. सिलिंडरला दारात एकच स्क्रू धरून ठेवतो आणि बाहेर येताना एकच दात अडवतो. बाकी कशालाही ताकद लागत नाही. जिथे ताकद लावावीशी वाटेल तिथे या दोनांपैकी एक सुटलेलं नाही असं समजा.

आधी सिलिंडरच्या बाहेरच्या तोंडावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. बाहेर काढल्यावर दोन्ही तोंडं सारखीच दिसतात आणि आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली यावर वाद होतात. आमच्या घरी झालाय.

आता दाराच्या कडेकडे बघा. उभी धातूची पट्टी आहे. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक स्क्रू असतो, ते लाकडात गेलेले आणि पेटीला धरणारे. ते काढू नका. किल्लीच्या भोकाच्या पातळीला, पट्टीच्या मधोमध एक एकटाच स्क्रू दिसेल. हाच तो. काही लॉकना वरून आणखी एक चकचकीत पट्टी असते आणि स्क्रू तिच्या आड लपलेला असतो. मग तेवढी वरची पट्टी उतरवावी लागते.

डिसमिस खाचेत पूर्ण बसवा आणि हाताच्या तळव्याने दाबत, दाब न सोडता डावीकडे फिरवा. पहिला अर्धा वेढा महत्त्वाचा, तेव्हाच खाच जाते. हलत नसेल तर स्प्रे मारा आणि चहा करून प्या. पंधरा-वीस मिनिटं खरंच थांबा. नंतर आधी उजवीकडे, म्हणजे आवळायच्या दिशेने, केसभर फिरवून बघा आणि मग डावीकडे. गंजाची पकड त्या उलट्या झटक्याने सुटते. खाच आधीच झिजलेली असेल तर डिसमिस आणि स्क्रूच्या मध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून दाबा, बऱ्याचदा काम होतं.

स्क्रू चांगला बोटभर लांब निघेल, साठ-सत्तर मि.मी., जाडी पाच मि.मी. नवख्यांना वाटतं आता संपला, आता संपला, तरी तो येतच राहतो. घाबरू नका. पूर्ण बाहेर आला की लगेच चिकटपट्टीने दारालाच चिकटवून ठेवा. जमिनीवर ठेवलेला स्क्रू सोफ्याखाली जातो आणि मग शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता दात. सिलिंडरच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंच्या मध्ये, एक फिरता तुकडा असतो. त्याला कॅम म्हणतात. किल्ली फिरवली की हाच पेटीतली जीभ ढकलतो. किल्ली काढायच्या स्थितीत, म्हणजे भोक सरळ उभं असताना, हा दात थोडा एका बाजूला बाहेर आलेला असतो. ते मुद्दाम तसं आहे. नुसता स्क्रू काढून कुणी सिलिंडर ओढला तर दात पेटीला आतून आडवा अडकतो आणि सिलिंडर बाहेर येत नाही.

माझी पहिली चूक इथे झाली. स्क्रू काढला, सिलिंडर हलायला लागला, पण येईना. मला वाटलं गंजलाय. मोठी पकड घेतली, बाहेरून धरून जोरात ओढला. हँडलची पट्टी वाकली, पॉलिश गेलं, सिलिंडरच्या पितळेवर पकडीचे दात उमटले, आणि दात आडवा तो आडवाच. मिस्टर संध्याकाळी आले, त्यांनी किल्ली घातली, जरा वळवली, बोटाने ढकलला आणि सिलिंडर त्यांच्या हातात. मला काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

तर करायचं असं. किल्ली घाला. घड्याळाचा काटा समजा, बारावर आहे. तो एकाच्या दिशेने अगदी हळू न्या, एकापर्यंतही जायचं नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सिलिंडर पलीकडच्या बाजूने हलका दाबत राहा. काही झालं नाही तर काटा पुन्हा बारावर आणून अकराच्या बाजूला तसंच. कुठली बाजू ते तुमचं दार डावं की उजवं यावर ठरतं. एका कोनात दात सिलिंडरच्या पायाच्या सरळ ओळीत येतो, आणि अंगठ्याला अचानक जाणवतं की अडकाव गेला. बंद डब्याचं झाकण बरोबर आट्यात बसल्यावर हाताला कळतं ना, तसंच काहीसं. त्याच कोनात किल्ली धरून ठेवा आणि सिलिंडर सरकवत बाहेर काढा.

किल्लीला धरून ओढू नका. किल्ली कोनासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. पलीकडून ढकला, अंगठा पुरत नसेल तर डिसमिसच्या लाकडी मुठीने.

स्क्रू निघाला, कोन सापडल्यासारखा वाटतो आणि तरी जड जातंय? हँडलच्या पट्ट्यांचे स्क्रू अर्धा-अर्धा वेढा सैल करा. पट्टी जरा तिरकी आवळली गेली असेल तर ती सिलिंडरला दोन्हीकडून चिमटीत पकडते. इंदिरानगर असो की गंगापूर रोड, नवीन बिल्डिंगमध्ये सुतारांनी घाईत बसवलेल्या लॉकमध्ये हे मी तीनदा पाहिलंय.

किल्ली फिरतच नसेल तर कोन कसा आणायचा?

खरी अडचण ही. अडकलेला सिलिंडर म्हणजे बहुधा न फिरणारी किल्ली, आणि आम्ही म्हणतोय किल्ली फिरवा.

दुसऱ्या बाजूने बघा. आतून मूठ असलेला सिलिंडर असेल तर काम सोपं, मुठीला पिना नसतात, ती फिरवूनच कोन साधा. दोन्हीकडून किल्लीचा असेल तर आतल्या बाजूने किल्ली लावून बघा, पण बाहेरच्या बाजूला किल्ली किंवा तिचा तुकडा राहिलेला नसावा. साध्या सिलिंडरमध्ये एका बाजूला किल्ली असली की दुसरीकडून फिरत नाही.

दोन्हीकडे तेच असेल तर थंडीत आधी हेअर ड्रायर, तेलाची शंका असो वा नसो. मग स्प्रेची बारीक नळी भोकात घालून भरपूर स्प्रे मारा, खाली फडकं धरा, काळं पाणी येईल. किल्ली घालून काढा, पुसा, पुन्हा घाला. दहा-पंधरा वेळा. त्यानंतर किल्ली पूर्ण आत ठेवून तिला फिरवायच्या दिशेने अगदी किंचित ताण द्या आणि डिसमिसच्या मुठीने सिलिंडरच्या तोंडावर टकटक करा. ठोकायचं नाही, दारावर पाहुण्याने वाजवावं इतकंच. त्या थरथरीने चिकटलेली पीन सुटते.

किल्ली आत तुटली असेल तर आधी बघा, भोक सरळ उभं आहे का. फिरवताना तुटली असेल तर भोक तिरकं झालेलं असतं आणि त्या स्थितीत तुकडा कधीच बाहेर येणार नाही, पिना त्याला धरून ठेवतात. बारीक चपट्या डिसमिसने भोक सरळ करा, मग नाकपकडीने तुकडा ओढा. पकडीत येत नसेल तर जिगसॉचं, म्हणजे बारीक करवतीचं, पातळ पातं, दाते आपल्याकडे वळलेले, तुकड्याच्या बाजूने सरकवून हळू खेचा. एक गंमत अशी की तुटलेला तुकडा पूर्ण आत बसलेला असेल तर पिना अजूनही बरोबर उंचीवर असतात. मग त्या तुकड्यालाच बारीक डिसमिसने फिरवून दाताचा कोन मिळतो आणि सिलिंडर तुकड्यासकट निघतो. फेव्हिक्विक लावलेली काडी आत घालायचा प्रकार मात्र करू नका. तुकडा चिकटत नाही, पिना चिकटतात.

किल्ली गोल-गोल फिरते आणि जीभ हलत नाही, तर कॅम तुटलाय किंवा सैल झालाय. स्क्रू काढून सिलिंडरवर हलका दाब ठेवा आणि किल्ली सावकाश फिरवत राहा. सैल दात कधीतरी ओळीत येतो.

हे सगळं करूनही ढिम्म हलत नसेल, किंवा लांब स्क्रू आतच तुटला असेल, तर ड्रिलची पाळी येते. इथे माझं मत स्पष्ट आहे: उघड्या दाराशी, निवांत वेळी चावीवाल्याला बोलवा. ड्रिल जरा खोल गेलं की पेटीतली यंत्रणा जाते आणि सिलिंडरपुरतं असलेलं काम पूर्ण लॉकवर जातं. दार उघडं असताना बोलावलेल्या कारागिराशी पैसेही नीट ठरवता येतात. तुम्ही रात्री अकराला पायरीवर बसलेले नसता.

नाइट लॅच असेल तर

आतली पेटी दाराला तीन-चार स्क्रूंनी धरलेली असते. काही मॉडेलना आधी वरचं झाकण काढावं लागतं. पेटी उतरवली की खाली एक पत्रा दिसेल, त्यातून दोन लांब स्क्रू दाराच्या आरपार जाऊन बाहेरच्या सिलिंडरला ओढून धरतात. ते काढताना बाहेरून कुणालातरी सिलिंडर धरायला सांगा, नाहीतर शेवटचा आटा सुटताच तो जिन्यावर पडतो. सिलिंडरच्या मागे एक चपटी पट्टी लटकत असते, तिने पेटी उघडते. ती कुठल्या स्थितीत होती, आडवी की उभी, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना ती पेटीतल्या खाचेत गेली नाही तर किल्ली फिरेल आणि काहीच होणार नाही.

नवीन आणायला जाताना

जुना सिलिंडर खिशात घालून जा. आमच्याकडे लोक "मोठा द्या" म्हणून घेऊन येतात आणि संध्याकाळी परत जातात. माप असं घ्यायचं: स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत किती, आणि त्याच मध्यापासून आतल्या टोकापर्यंत किती. दोन्ही वेगळे. ३० आणि ३० म्हणजे ६०चा, ३५ आणि ३५ म्हणजे ७०चा. कधीकधी ३० आणि ४० असा असमान असतो. एकूण तोही ७०च, पण ३५-३५च्या जागी बसवला तर एका बाजूने पाच मि.मी. आत आणि दुसरीकडून तेवढाच बाहेर. नेलपॉलिशचा ठिपका इथे कामाला येतो.

बाहेरच्या बाजूने सिलिंडर हँडलच्या पट्टीच्या दोन-तीन मि.मी.हून जास्त पुढे आलेला नको. स्क्रूच्या भोकाशी सिलिंडर सगळ्यात पातळ असतो, आणि बाहेर आलेलं टोक चोराला पकडून तिथेच मोडायला सापडतं.

माझा आग्रह एकच. घरात म्हातारी माणसं असतील तर आतून मुठीचा घ्या. रात्री घाईने बाहेर पडायचं झालं तर किल्ली शोधत बसायला नको, आणि आतून किल्ली राहिली म्हणून मुलं बाहेर अडकायलाही नकोत. काकांसाठी मी ७०चा पितळी, आतून मूठ असलेला आणला, साडेसहाशेला. पाकिटातल्या किल्ल्या दुकानातच मोजा आणि प्रत्येक फिरवून बघा.

परत बसवताना

किल्ली घाला, दात सरळ ओळीत आणा, सिलिंडर सरकवा, किल्ली परत उभी करा. कडेतून स्क्रू घाला. लगेच धरला नाही तर सिलिंडर केसभर पुढे-मागे करा, भोक समोर येईल. स्क्रू हाताने आवळा, सिलिंडर डुगडुगायचा थांबला की तुम्हीही थांबा. जास्त पिळला तर सिलिंडर तिरका ओढला जातो आणि नवाकोरा असून पहिल्या दिवसापासून जड फिरतो. जुना स्क्रू नवीन सिलिंडरबरोबर वापरू नका, पाकिटात स्क्रू असतो.

उघड्या दारात दहा वेळा लावा-काढा, दोन्ही बाजूंनी. मग दार बंद करून, स्वतः आत राहून. बाहेर जाऊन दार ओढून परीक्षा घेणारे शूर लोकही मला माहीत आहेत.

आता तेल. खोबरेल नाही, शेंगदाण्याचं नाही, शिवणयंत्राचंही नाही. दुकानात ग्राफाइटची पूड मिळते, चिमूटभर भोकात फुंकायची. नाही मिळाली तर मुलांच्या कंपासमधली ४बी पेन्सिल घ्या, किल्लीचे दाते काळेकुट्ट होईपर्यंत घासा आणि किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. आधी तेल गेलेलं असेल तर स्प्रेने धुऊन, दोन दिवस वाळू देऊन मगच पूड, नाहीतर तीच पूड तेलात कालवून पुन्हा लगदा होतो. आमच्या सोसायटीत मी हे काम वर्षातून दोनदा काढते, मेअखेरीस आणि दिवाळीनंतर. पहिल्या दोन दिवसांत खिशाला काळं लागतं, त्याला इलाज नाही.

काकांचा जुना सिलिंडर आम्ही फेकला नाही. स्पिरिटमध्ये बुडवून दोन दिवस ठेवला, धुतला, वाळवला, पेन्सिल फिरवली. मस्त फिरतोय. तो आता त्यांच्या गच्चीच्या दाराला आहे आणि खोबरेलाची बाटली काकूंनी देवघराच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली आहे, काकांचा हात पोचणार नाही अशी.